तलावाकडे पहाटे बघा

उन्हाळ्यात आपण तलावावर जातो ते संध्याकाळी. ऊन उतरलेलं असतं, कट्ट्यावर बरा वारा असतो, मुलांच्या हातात कुरमुऱ्यांची पिशवी असते. मूठभर कुरमुरे टाकले की मासे झुंडीनं येतात आणि तलाव कसा जिवंत आहे याचं समाधान घेऊन आपण घरी परततो. पण माशांची तब्येत संध्याकाळी कळत नाही. ती पहाटे कळते. मे महिन्यात नवी मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो. त्याच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास, एवढ्याच वेळात तलाव खरं बोलतो.

मागच्या मे महिन्यात एका पहाटे मी आमच्या गावतलावाच्या पायरीवर बसलो होतो. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी पाण्यावर शेकडो बारीक वर्तुळं उमटत होती. बारीक पाऊस सुरू झाला असावा असं वाटलं, म्हणून हात पुढे केला. हात कोरडाच. खाली वाकून पाहिलं तर प्रत्येक वर्तुळाच्या मध्यभागी एक तोंड होतं. रोहू होते, हातभर लांबीचे. ओठ पाण्याच्या वर अर्धे निघालेले, कल्ल्यांची झाकणं भराभर उघडमीट करणारी. एरवी माणसाची सावली पडली तरी रोहू खाली बुडी मारतो. त्या दिवशी मी हात हलवला, पायरीवर चप्पल आपटली, तरी एकही हलला नाही. पळायला लागणारा श्वास त्यांच्याकडे उरला नव्हता.

आपल्याकडे मासे मेले की लोक म्हणतात, उन्हानं मेले. ऊन त्याला कारण असतं, पण जीव जातो गुदमरून. हा फरक नीट लक्षात आला तर आपण काय करू शकतो तेही आपोआप दिसायला लागतं.

एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात, पाणी ३० अंशांवर असेल तर, जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम विरघळू शकतो. म्हणजे मासा आपल्यापेक्षा पस्तीसपट विरळ श्वासावर जगतो, आणि त्यासाठी त्याला हवेपेक्षा सुमारे आठशेपट घन असलेलं पाणी तोंडातून आत घेऊन कल्ल्यांवरून ढकलावं लागतं. कल्ल्यांची रचना त्यासाठीच विलक्षण आहे. पाणी एका दिशेनं वाहतं, रक्त उलट्या दिशेनं, त्यामुळे पाण्यातला बहुतेक प्राणवायू रक्तात खेचला जातो. एवढी काटकसर आपल्या फुप्फुसांना जमत नाही.

आता पाणी तापू द्या. २० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६, ३५ अंशांना सातच्याही खाली. ही घट फार मोठी वाटत नाही. पण मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याचं शरीरही तापतं आणि दर १० अंशांमागे त्याची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. आवक थोडी घटते आणि खर्च दुप्पट होतो, तेव्हा घर कसं कोसळतं हे कुणाला वेगळं सांगायला नको. रोहू, कटला, मृगळ यांना सुखानं राहायला लिटरमागे पाच मिलिग्रॅम लागतो. तीनच्या खाली ते त्रासात असतात, एकच्या आसपास मरू लागतात.

मग पहाटच का? तलावाचं पाणी हिरवं असतं ते सूक्ष्म शेवाळामुळे. दिवसा उन्हात हे शेवाळ प्राणवायू सोडतं, इतका की दुपारी तीनला पाण्यात मावतो त्यापेक्षाही जास्त सापडू शकतो. रात्री प्रकाश नसतो, तेव्हा तेच शेवाळ श्वास घेतं. मासे श्वास घेतात, तळातला गाळ कुजवणारे जीवाणू श्वास घेतात, आणि नवीन प्राणवायू येतो तो फक्त वाऱ्यानं पाण्याचा पृष्ठभाग हलला तर. वारा पडलेल्या उकाड्याच्या रात्री तोही नाही. रात्रभर सगळे एकाच थाळीतून जेवतात आणि पहाटे थाळी रिकामी होते. तलाव जितका गर्द हिरवा, तितकी त्याची पहाट वाईट.

म्हणून सकाळी अकराला घेतलेला पाण्याचा नमुना निर्दोष निघतो आणि मासे मात्र मेलेले असतात. अशा अहवालावर मी स्वतः एकदा भाबडेपणानं विश्वास ठेवला होता. नमुना कधी घेतला, हा पहिला प्रश्न विचारायचा असतो. दुसरा प्रश्न, प्राणवायू जागेवर मोजला की बाटली भरून प्रयोगशाळेत नेली? नुसतं बाटलीत नेलेलं पाणी वाटेतच बदलतं. हंगेरियन रसायनतज्ज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये शोधलेल्या पद्धतीत पाणी भरल्याबरोबर तिथेच रसायनं घालून प्राणवायू 'बांधून' ठेवतात, ते याचसाठी. हल्ली हातात धरायचे मीटर मिळतात, मत्स्यशेतीच्या दुकानांत साधं किटही मिळतं. शाळेच्या विज्ञान मंडळाला परवडेल असंच ते असतं.

मीटर नसला तरी डोळे पुरतात. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो पृष्ठभागावरच चरतो. तो वर दिसला म्हणून घाबरू नका. रोहू मधल्या थरात वावरतो. मृगळ तळाशी चरणारा, त्याचं तोंड खाली वळलेलं. रोहू वर तोंड काढून एका जागी थबकलेले दिसले तर प्राणवायू कमी आहे. मृगळही वर आला असेल तर तळाशी काही उरलेलं नाही, आणि वेळ फार थोडा आहे. आणखी एक खूण: सूर्य वर आल्यावर तासा-दोन तासांत मासे खाली गेले तर त्या रात्रीचं संकट टळलं, उद्याचं नाही.

मासा या सगळ्यात नुसता बसून राहत नाही. त्याच्याकडे उपाय आहेत, आणि ते माहीत असले की आपली लुडबुड कुठे नडते ते कळतं. पहिला उपाय जागा बदलण्याचा. पण तळाशी गारवा असतो तिथे प्राणवायू नसतो, वर प्राणवायू असतो तिथे ऊन आणि बगळे. मासा या दोहोंच्या मधल्या पातळ थरात अडकतो. दुसरा उपाय, कल्ले जोरात चालवणं. त्याला श्रम पडतात आणि श्रमाला पुन्हा प्राणवायू. तिसरा उपाय मी त्या पहाटे पाहिला. पाण्याचा हवेला टेकलेला जेमतेम काही मिलिमीटरचा थर तेवढा ताजा असतो, मासे तोच ओठांनी ओढून घेतात. ते हवा गिळत नसतात, पाण्याची साय खात असतात. डासांच्या अळ्यांसाठी टाक्यांत आणि डबक्यांत सोडतात त्या गप्पी माशाचं तोंड वर वळलेलं आणि डोकं चपटं असतं, त्याला हे जन्मजात जमतं. म्हणूनच तो इतरांना न जगवणाऱ्या पाण्यात टिकतो.

चौथा उपाय, खाणं सोडणं. अन्न पचवायलाही प्राणवायू खर्च होतो. मासा उपाशी राहून श्वास वाचवतो आणि आपण त्याला पाव टाकत असतो.

काही माशांनी तर पाण्यावरचा भरवसाच सोडला आहे. मरळ, मागूर, शिंगी हे हवेतूनही श्वास घेतात. बाजारात मरळ उथळ घमेल्यात तासन्‌तास जिवंत दिसतो तो यामुळेच, आणि त्याला वर येऊन हवा घेऊ दिली नाही तर चांगल्या पाण्यातही तो गुदमरतो. घरातला फायटर मासाही याच पंथाचा. गोल्डफिशचा युरोपातला चुलतभाऊ क्रुशियन कार्प तर प्राणवायू कमी झाला की काही दिवसांत आपल्या कल्ल्यांचा आकारच बदलतो. त्यांच्या पाकळ्या बाहेर येतात आणि श्वासाला जागा वाढते. गोल्डफिशलाही हे काही प्रमाणात जमतं.

मात्र यासाठी वेळ लागतो. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत, १९६१ मध्ये सुरू झालेल्या आपल्या जवळच्याच संस्थेत, रोहू, कटला आणि मृगळ यांना वेगवेगळ्या तापमानांना हळूहळू सरावून त्यांची सहनशक्ती तपासली गेली आहे. गरम पाण्याला सरावलेला मासा जास्त उष्णता सोसतो, पण त्याचा प्राणवायूचा खर्चही वाढलेला असतो. सराव म्हणजे फुकटची शक्ती नव्हे, ती उसनवारी आहे. आणि एका रात्रीत कुणी सरावत नाही.

आता घराकडे. आपल्या बहुतेक वाचकांच्या हाती तलाव नसतो, दिवाणखान्यातली काचेची टाकी असते.

रात्री हवेचा पंप बंद करू नका. त्याचा आवाज झोपेत येतो म्हणून आमच्या घरी कित्येक वर्षं तो रात्री बंद व्हायचा आणि सकाळी सुरू. एका मे महिन्यात सकाळी दोन गोल्डफिश आडवे सापडले, तेव्हा मला ही चूक कळली. टाकीत झाडं असतील तर रात्रीच पंपाची जास्त गरज असते. आवाज होत असेल तर पंप भिंतीला टेकलेला नको, खाली फोमचा तुकडा ठेवा. बुडबुड्यांतून थेट फार प्राणवायू मिळत नाही. बुडबुडे वर येताना पाणी ढवळतात आणि पृष्ठभाग हलवतात, खरं काम त्यानं होतं. तेव्हा फिल्टरचं तोंड पाण्याच्या किंचित वर ठेवलं, बारीक धार पडू दिली, तरी पुष्कळ फरक पडतो. काचेचं झाकण पूर्ण बंद असेल तर एक बाजू उघडी करून वर जाळी टाका. फायटरच्या भांड्यात पाणी काठोकाठ भरू नका, वर हवेला तीन बोटं जागा हवी.

दुपारी ऊन येणाऱ्या खिडकीपासून टाकी हलवा. टाकीतला दिवा तासभर कमी लावा. पाणी ३२ अंशांच्या पुढे जाऊ लागलं तर पंखा पृष्ठभागावर मारा, बाष्पीभवनानं दोनएक अंश उतरतात. बर्फ थेट टाकू नका. बंद पिशवीत किंवा बाटलीत घालून तरंगत ठेवा, आणि तासाला एक-दीड अंशापेक्षा जास्त उतरवू नका. पाणी बदलायचं असेल तर एका वेळी पाव टाकी. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवलेलं किंवा क्लोरीन काढणारे थेंब घातलेलं असावं. टाकीत ते ओताल तेव्हा दोन्हीचं तापमान हातानं तपासून घ्या. अर्धी टाकी गार पाण्यानं एकदम बदलणं हे मायेपोटी केलेलं सर्वांत मोठं नुकसान असतं.

खाणं निम्मं करा आणि सकाळी उशिरा द्या. रात्री पोट भरून झोपलेला मासा पहाटे सगळ्यात आधी तडफडतो. फिल्टरचा स्पंज आठवड्याला टाकीतल्याच पाण्यात पिळून काढा. नळाखाली खसखसून धुतलात तर घाण पचवणारे उपकारक जीवाणू मरतात, मग अमोनिया वाढतो, आणि गरम पाण्यात अमोनिया अधिक विषारी होतो. वीज गेली तर घाबरून पाणी बदलू नका. मगानं टाकीतलंच पाणी उचला आणि वीतभर उंचीवरून परत सोडा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा. पेन्सिल सेलवर चालणारा छोटा पंप घरात असावा, त्याची किंमत एका चांगल्या गोल्डफिशच्या जोडीपेक्षा फार नसते.

आणि टाकीला कंटाळलात तर मासे तलावात सोडू नका. सकर मासा पोटातून हवा घेऊ शकतो. चिलापी, १९५२ मध्ये देशात आणलेला, लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपासही तग धरतो. दमलेल्या तलावात हेच पाहुणे मालक होतात, कारण घरच्या माशांचा श्वास आधी संपतो.

आता तलाव. नेरूळ, बेलापूर, सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, दिवा, आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गावांना एकेक तलाव आहे. सिडको १९७० मध्ये आली, महानगरपालिका १९९२ मध्ये, तलाव त्याही आधीचे, गुरांच्या आणि धुण्याच्या पाण्यासाठी राखलेले. पामबीचच्या बाजूचे होल्डिंग पाँड वेगळे. त्यांत खाडीचं भरती-ओहोटीचं पाणी येतं, हा लेख त्यांच्याबद्दल नाही. गावतलाव आता दगडी भिंतींनी बांधून काढले आहेत. ते नीटनेटके दिसतात, पण उतरता मातीचा काठ गेला आणि त्यावर झुकलेली झाडंही गेली. सावली पडेल अशी झाडं पश्चिमेच्या काठावर हवीत, दुपारचं ऊन तिकडून येतं. वॉर्डात वृक्षारोपणाचा विषय निघेल तेव्हा ही एक ओळ सुचवा.

कारंजं असेल तर ते रात्री चालवायला सांगा. संध्याकाळी सात ते नऊ रंगीत दिव्यांत उडणारं कारंजं डोळ्यांना सुख देतं, माशांना त्याची गरज पहाटे दोन ते सहा असते. पालिकेला पत्र लिहाल तेव्हा शोभेची तक्रार करू नका, फक्त वेळ बदलून मागा. त्याला जास्तीचा खर्च नाही, म्हणून हे पत्र मान्य होण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

कुरमुरे, पाव, फरसाण बंद. माशांनी न खाल्लेला प्रत्येक घास तळाशी कुजतो, आणि कुजायला प्राणवायू लागतो. पाण्याचा हिरवेपणा मोजायचा असेल तर पांढरी ताटली दोरीला बांधून खाली सोडा. एक वीतभर खोलीवरच ती दिसेनाशी झाली तर शेवाळ धोक्याइतकं वाढलं आहे. आठवड्याला एकदा मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. अशी सहा महिन्यांची वही कुठल्याही तक्रारअर्जापेक्षा वजनदार असते.

भाद्रपदाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. गणपतीत निर्माल्य आणि मूर्ती, लगेच पितृपक्ष, मग नवरात्र, आणि त्याच वेळी ऑक्टोबरचं ऊन. दीड-दोन महिने तलावाला उसंत नसते. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव याची दरवर्षीची साक्ष देतो. समुद्राला खेटून असलेलं ते गोड्या पाण्याचं कुंड, आणि सर्वपित्री अमावास्येनंतर तिथे मेलेल्या माशांचे ढीग काढावे लागल्याच्या बातम्या अनेक वर्षं आल्या आहेत. पिंडाचा भात, पीठ, दूध, फुलं यांत विष काही नसतं. सगळं अन्नच असतं. ते कुजताना पाण्यातला श्वास संपतो, एवढंच. श्रद्धा सोडा असं मी कुणालाही म्हणणार नाही, माझ्या घरीही पान वाढलं जातं. पिंड पाण्याला टेकवून परत पात्रात घ्या आणि झाडाच्या मुळाशी ठेवा. पुष्कळ गुरुजी याला मान्यता देतात, फक्त आधी विचारा. नवी मुंबईत मुख्य तलावांत गॅबियनची, म्हणजे जाळीत भरलेल्या दगडांची, भिंत घालून विसर्जनाचा भाग वेगळा केला आहे, तो उपयोगी आहे. पण जाळीच्या दगडांतून पाणी आरपार जातं, कुजलेल्या फुलांचं पाणीही जातं. म्हणून निर्माल्य कलशातच, आणि मूर्ती कृत्रिम तलावात.

मासे मेलेच तर? आधी घड्याळ बघा आणि फोटो काढा. मोठे मासे मेले, लहान जिवंत, तोंडं उघडी, कल्ल्यांची झाकणं फाकलेली, वेळ पहाटेची: प्राणवायू संपला. मोठ्या शरीराला जास्त लागतो, म्हणून मोठे आधी जातात. लहान-मोठे सगळे एकदम मेले, बेडूक आणि गोगलगाईसुद्धा, किंवा मासे मरण्याआधी गरगर फिरताना दिसले, वेळ कुठलीही: विषाचा संशय घ्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच सकाळी कळवा. फरक सांगता आला तर चौकशी योग्य दिशेला लागते. मेलेले मासे कुणी खायला नेऊ नयेत. ते लवकर बाहेर काढा, तरंगत राहिले तर कुजून उरलेल्यांचाही जीव घेतात. जे जिवंत आहेत त्यांच्यासाठी अग्निशमन दलाच्या किंवा उद्यानाच्या पंपानं तलावाचंच पाणी उचलून फवाऱ्यासारखं परत सोडायला सांगा. टँकरनं गार पाणी एकदम ओतू नका, आणि चुना, ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको.

पनवेल, उरण, कर्जतकडे ज्यांचं शेततळं आहे त्यांना थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात पाणी पाच फुटांखाली जाऊ देऊ नका. ढगाळ दिवशी खाद्य आणि शेणखत दोन्ही थांबवा, कारण ऊन नाही तर शेवाळही प्राणवायू देत नाही. एअरेटर घेतला असेल तर तो दुपारी नाही, मध्यरात्रीनंतर चालवा. चौथ्या हिश्शावर हिरवी शेडनेट टाका. जलपर्णीची सावली मात्र नको.

उन्हाळ्यातला शेवटचा धोक्याचा आठवडा वळवाचा आणि मृगाचा. पाऊस आला की सगळे सुटकेचा श्वास घेतात, पण पहिल्या सरीत आठ महिन्यांची रस्त्यावरची घाण, पालापाचोळा आणि गटाराचं पाणी तलावात येतं. वरचं गार पाणी खाली बसतं, तळाचं कुजकं पाणी वर येतं, आणि ढगामुळे ऊनही नसतं. कर्जतच्या शिवारात याच पाण्यावर मासे वळगणीला चढतात, ओढ्यातून शेतात, ताज्या वाहत्या पाण्याकडे. शहरातल्या तलावाला चारी बाजूंनी दगड आहे. तिथल्या माशांना चढायला वाट नाही. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्याआधी तलावात उघडणारी नाल्यांची तोंडं साफ झाली का ते बघा, जाळ्या बसल्या का ते बघा, आणि पहिला मोठा पाऊस पडून गेला की पुढचे तीन दिवस पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन एक फेरी मारा.